वॉर्ड की एमसीक्यू?

"ताई, वॉर्डात पेशंटच्या केसशीट लिहून रँक येत नाही ओ."

सात रस्त्याला चहा पिताना एमबीबीएस थर्ड इयरचा ज्युनियर बोलून गेला. मोबाईलवर एमसीक्यू (चार पर्यायांचे प्रश्न) सोडवणं चालूच होतं.

त्याचं चुकतंय असंही म्हणवत नाही. नीट-पीजीचे 200 प्रश्न, साडेतीन तास, एमडी-एमएसच्या प्रवेशाचा रँक त्यावरच. अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याची स्टेप 1 परीक्षा तर 2022 पासून नुसती पास-नापास, म्हणजे स्टेप 2 च्या स्कोअरचं वजन वाढलं. आणि इकडे कॉलेजचे इंटर्नल मार्क, हजेरी भरली नाही तर विद्यापीठाच्या परीक्षेलाच बसता येत नाही!

पण वाढलेली प्लीहा बोटांना कळायला पेशंटच्या पोटावर हात ठेवावाच लागतो. आजी नुसतं "पोटात दुखतंय" म्हणतात, चार पर्याय देत नाहीत.

डॉक्टर मंडळी, थर्ड इयरला तुम्ही दिवस कसा वाटून घ्यायचात? त्याला सांगायचंय.