सहावी गोधडी
सकाळी साडेआठला कोविड वॉर्डातली रात्रपाळी संपली. पीपीई किट उतरवलं तेव्हा हातमोज्यातून घाम ओघळला. ऑक्सिजन वाढावा म्हणून रात्रभर पेशंटना पालथं झोपवत होतो. १४ नंबरच्या काकांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८२ वरून ९१ टक्क्यांवर आलं आणि २० नंबरच्या आजी पहाटे गेल्या. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या लेकीला मीच दाखवलं. हे गेल्या वर्षीही केलं होतं, पण या एप्रिल २०२१ इतकं थकायला तेव्हा झालं नव्हतं. घरी आले, आंघोळ केली, झोप येईना.

मग गोधडी काढली. आईच्या जुन्या सुती साड्या, चार पदर, वर ठिगळांची नक्षी. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत आत आत जायचं. सुई बोटाला टोचली की कळतं, आपण अजून घरात आहोत. गल्लीतल्या आम्ही पाचजणी सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी छोट्या गोधड्या शिवतोय. काही बाळांच्या आया कोविड पॉझिटिव्ह आहेत. बाळाला नवं कापड टोचतं, वापरून विरलेली साडीच हवी. धुवायला सोपी, उन्हात लवकर वाळते.

आई म्हणाली, "अगं, डोळे मिटतायत तुझे, ठेव ती सुई."
"एवढी ओळ संपवते गं."

ओळ संपली नाही. दुपारी जाग आली तेव्हा गोधडी माझ्याच अंगावर होती, सुई आईने काढून उशीला खोचलेली. माझ्या हिरव्या काठाच्या साडीचा तुकडा बरोबर मध्यावर आलाय. आज रात्री पुन्हा ड्युटी आहे. कुणाकडे जुनी सुती साडी असेल तर धुऊन ठेवा, मी घ्यायला येते.