रास्पबेरीचा पाला

सातवा महिना सरला आणि शेजारच्या आजी कागदी पिशवी घेऊन दारात हजर. आत वाळलेला, करडा-हिरवा पाला. "३२ आठवडे भरल्याशिवाय हात लावू नकोस," एवढं बजावून त्या गेल्या.

आमच्या गावापासून ब्लेअरगौरी जवळ. स्कॉटलंडचा हा रास्पबेरीचा मुलूख. पूर्वी उन्हाळ्यात डंडी-ग्लासगोहून अख्खी कुटुंबं इथे फळं तोडायला यायची. आजीही लहानपणी आईबरोबर यायच्या. तोडलेलं फळ मळेवाल्याचं, पाला मात्र कुणीही न्यावा.

मला रास्पबेरी माहीत ती महाबळेश्वरच्या बाजारातली. तिचा पाला कुणी उकळतं हे नवीनच. पान उलटलं की खालून पांढुरकं, लवदार. उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटं झाकलं की चव थेट कोऱ्या चहाची, जरा तुरट. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या बुडवल्या गेल्या, आणि ब्रिटिश चहा सोडलेल्या अमेरिकनांनी जे पाले उकळून प्यायले त्यांत हाही होता. नाव ठेवलं 'लिबर्टी टी'. आपल्या स्वदेशीच्या कितीतरी आधी!

तुरटपणा टॅनिनचा. म्हणून घसा धरला की याच्या गुळण्या, पोट बिघडलं की अर्धा कप. पण खरी ख्याती बाळंतपणातली. १९४१ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या पानांच्या अर्काने गर्भाशयाचे स्नायू सैलावतात असं छापून आलं, आणि सुईणींच्या या जुन्या औषधाकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. २००१ साली ऑस्ट्रेलियात १९२ पहिलटकरणींवर चाचणी झाली. अर्ध्या जणींना ३२ व्या आठवड्यापासून पाल्याच्या गोळ्या. त्रास कुणाला झाला नाही, कळांचा पहिला टप्पा काही कमी झाला नाही, पण शेवटचा जोर लावायचा टप्पा सरासरी दहाएक मिनिटांनी कमी झाला. दहा मिनिटं! एवढ्यासाठी दोन महिने पाला प्यायचा का, हे माझं अजून ठरलेलं नाही. मिडवाइफ म्हणाली, प्यायचा असेल तर आधी मला सांग, मग एका कपापासून सुरू कर.

आईला फोनवर सांगितलं तर उखडलीच. "पाला-बिला काही नको. रात्री दुधात चमचाभर तूप घाल." फोन ठेवता ठेवता मात्र विचारलंन, "उन्हात वाळवतात की सावलीत?"

सावलीत. आणि खडखडीत, अर्धवट सुकलेला वापरायचा नाही.