बर्फापासून वाफेपर्यंत: थर्मामीटर थांबतो ते दोन टप्पे

बर्फ तापवत न्यायचा, दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. आलेखही पुस्तकात शेजारीच छापलेला असतो: आधी सपाटी, मग चढ, मग पुन्हा सपाटी. प्रत्यक्ष करायला गेलं की पहिली सपाटी बऱ्याच जणांना मिळतच नाही, आणि मुलं पुस्तकातला आलेख वहीत उतरवून मोकळी होतात. हे मला फार खटकतं. ती सपाटी हाच या प्रयोगाचा गाभा आहे, आणि थोडी काळजी घेतली तर ती हमखास मिळते.

साहित्य थोडकं आहे. ५०० मिलिलिटरचं चंचुपात्र, तिवई, जाळी, मंद ज्योत, ढवळायला काचकांडी आणि −१० ते ११० अंशांचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर चालणार नाही. तो साधारण ४२ अंशांपर्यंतच असतो, गरम पाण्यात फुटतो.

बर्फ २०० ग्रॅम घ्या, जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने हरभऱ्याएवढा बारीक करा. फ्रीजरमधला बर्फ उणे १५ ते उणे १८ अंशांच्या आसपास असतो. मोठा खडा बाहेरून वितळत असला तरी आतून शून्याखालीच राहतो, म्हणून बारीक करायचा. तो ओलसर चमकू लागेपर्यंत थांबा, मग दोन-तीन चमचे गार पाणी घाला. कोरड्या तुकड्यांमध्ये हवा असते आणि थर्मामीटर त्या हवेचंच तापमान सांगत बसतो. शून्याखालचा छोटा चढ त्यामुळे हुकतो, तो हुकू द्या.

थर्मामीटर स्टँडला टांगा. त्याचा फुगा तळाला टेकता कामा नये. आता सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या क्षणापासून ढवळत राहा, काचकांडीने, थर्मामीटरने नव्हे. पाण्याची घनता ४ अंशांला सर्वाधिक असते. म्हणून न ढवळलेल्या भांड्यात थोडं कोमट झालेलं पाणी तळाशीच बसून राहतं, बर्फ वर तरंगतो आणि दोघांची नीट गाठच पडत नाही. फुगा खाली असेल तर ५-६ अंश दिसतात, वर असेल तर १. सपाटी हरवते ती इथे. ज्योत मोठी ठेवली तरी हेच होतं.

नीट ढवळलं तर शेवटचा तुकडा दिसेनासा होईपर्यंत थर्मामीटर शून्यालाच चिकटून राहतो. खाली ज्योत चालू असताना! ही उष्णता जाते कुठे, याचा हिशेब जरूर करावा. १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ ज्यूल लागतात. रेणूंची जाळीदार रचना मोडण्यात ते खर्च होतात, म्हणून तापमान वाढत नाही. हीच अप्रकट उष्मा. जोसेफ ब्लॅक यांनी ती १७६० च्या दशकात ग्लासगोत मोजून दाखवली. ती नसती तर शून्य अंश ओलांडताच डोंगरावरचा सगळा बर्फ एका दमात वितळून पूर आले असते, हे त्यांचंच निरीक्षण.

पाण्याला प्रत्यक्ष ३०० वॅट, म्हणजे सेकंदाला ३०० ज्यूल, मिळतात असं धरू. २०० ग्रॅम बर्फ वितळायला ६६.८ किलोज्यूल, म्हणजे पावणेचार मिनिटं. तेच पाणी शून्यावरून १०० अंशांवर न्यायला ८३.६ किलोज्यूल, साडेचार मिनिटांहून थोडं जास्त. आणि सगळ्याची वाफ करायला ४५२ किलोज्यूल, म्हणजे तब्बल २५ मिनिटं! सगळ्यात जास्त उष्णता लागते ती थर्मामीटर दुसऱ्यांदा थांबलेला असताना. पाणी पूर्ण आटवू मात्र नका, कोरडं पडलं की चंचुपात्र तडकतं. दहाएक मिनिटांची सपाटी पुरेशी आहे.

चढाच्या टप्प्यात, उकळी फुटायच्या बऱ्याच आधी, भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात. ती पाण्यात विरघळलेली हवा, वाफ नव्हे. पुढे भांड्यातून सूं असा आवाज येतो. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरून फुटतात, त्याचा तो आवाज. खळखळून आधण आलं की तो कमी होतो. त्याआधी पात्रात चिनी मातीचे दोन-तीन तुकडे टाकून ठेवा, म्हणजे पाणी एकदम उसळत नाही.

दुसरी सपाटी १०० वर येईलच असं नाही. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनांक, म्हणजे पाणी उकळण्याचं तापमान, साधारण एक अंशाने उतरतो. मुंबईत १००, पुण्यात सुमारे ९८, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. पुण्यातल्या मुलाला ९८ दिसले तर थर्मामीटर बिघडलेला नाही, वहीत ९८ च लिहू द्या. थर्मामीटर तपासायचाच असेल तर ढवळलेल्या बर्फपाण्यात तपासा, तिथे उंचीचा फरक जाणवत नाही.

किटलीच्या तोटीलगत जो रिकामा पारदर्शक भाग दिसतो तीच खरी वाफ. पुढे दिसतो तो पांढरा धूर म्हणजे पाण्याचे थेंब. त्या रिकाम्या जागेत बोट घालू नका. १ ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होताना २२६० ज्यूल सोडते, वर १०० अंशांचं झालेलं पाणी शरीराच्या तापमानाला येताना आणखी २६३.

उलटा प्रवासही करून पाहा. ३०० ग्रॅम कुटलेल्या बर्फात १०० ग्रॅम मीठ मिसळा, कुल्फीच्या मटक्यात असतं तसं. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच ओढतो. मिश्रण उणे १५ च्या खाली सहज जातं, उणे २१ ही त्याची सीमा. त्यात स्वच्छ परीक्षानळीत ५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी आणि थर्मामीटर ठेवा, धक्का लावू नका. अनेकदा पाणी उणे ४-५ पर्यंत द्रवच राहतं. मग नळीवर टिचकी मारा. बर्फाच्या सुया क्षणात पसरतात आणि तापमान चढून शून्यावर येतं. उणे ५ वर असलेल्या पाण्यापैकी साधारण सहा टक्के गोठलं, की त्यातून सुटलेली उष्णता उरलेल्याला शून्यावर आणायला पुरते. बाकीचं पाणी मग शून्यावरच थांबून सावकाश गोठतं. नळीला आतून ओरखडे असतील किंवा पाणी नळाचं असेल तर ते शून्याच्या जवळपासच गोठतं आणि ही उसळी दिसत नाही.