खोटी तार

४ डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा

पाहुणे गेले. ग्लास विसळून पालथे घातले. बाबा केव्हाचे घोरतायत आणि मी त्या तारेपाशी अडकून बसलेय.

नेव्ही डे म्हणजे आमच्याकडे ठरलेला कार्यक्रम. कॅन्टीनची रम, माझं कोळंबीचं सुकं आणि बाबा नि त्यांचे जहाजावरचे जुने सोबती, तिघांचा तोच तो बॉयलर. १९७१च्या युद्धात चार बॉयलरांतला एक तडकलेला, उरलेल्या तीन बॉयलरांवर विक्रांत ही विमानवाहू नौका चालवली. त्या बॉयलर रूमची उष्णता दरवर्षी दोन-चार अंशांनी वाढते. मी आत-बाहेर करत कानाआड करते. विक्रांतवरची सी-हॉक विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारकडे उडाली की पापड तळायला घ्यायचे, हे मला घड्याळ न बघता कळतं. पूर्वी आठ-नऊ जण असायचे. आता तिघे, त्यातले एक काठी टेकत. असो.

आज कोल्लमवाल्या काकांनी मध्येच राजपूतचं काढलं. तेही मला ठाऊक होतं. विक्रांत अंदमानात दडवलेली आणि पाकिस्तानची पाणबुडी गाझी तिला हुडकत विशाखापट्टणमपर्यंत आलेली. मग राजपूत ही जुनी विनाशिका विक्रांत असल्याच्या थाटात समुद्रात काढली, वायरलेसवर भरमसाठ बोलायला लावली. ठेकेदारांकडे मटण-भाजीची दांडगी मागणी नोंदवली, म्हणजे बाजारातसुद्धा बोलबाला व्हावा. इथवर ठीक. पण काका पुढे म्हणाले, ‘और वो माँ वाला तार?’

विक्रांतवरच्या एका खलाशाची म्हणून एक साधी, उघडी तार सोडली होती. आई खूप आजारी आहे, तिची तब्येत कशी आहे ते कळवा. शत्रूनं वाचावी म्हणूनच. तेव्हाचे पूर्व विभागाचे प्रमुख, व्हाइस ॲडमिरल कृष्णन, यांनीच हे नंतर लिहून ठेवलंय म्हणे. ‘हमारे जहाज का तार, और हमको ही पता नहीं!’ असं म्हणून काका जे हसले ते ठसका लागेपर्यंत. बाबाही हसले.

मला हसू येईना.

कारण त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात आमची आजी पाणंदीच्या तोंडाशी उभी असायची. हे मी लहानपणापासून ऐकलंय, बाबांकडून नव्हे, आत्याकडून. तिला वाचता येत नव्हतं, पण ‘केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ हा पत्ता ती मारुतीस्तोत्रासारखा म्हणायची. पत्र कुठूनही निघो, पत्ता तोच, त्यामुळे मुलगा मुंबईतच आहे अशी तिची समजूत. महिनाभर ना पत्र ना मनीऑर्डर. पोस्टमन दिसला की विचारायची, ‘झिलाचा पत्र इला काय?’ तो मान हलवायचा. मान कशी हलवायचा याची आत्या अजून नक्कल करते.

म्हणजे खऱ्या मुलाच्या खऱ्या आईला एक ओळ नाही, आणि जो मुलगाच नव्हता त्यानं, नसलेल्या आईची चौकशी सरकारी खर्चानं केली. संध्याकाळपासून हेच घोळतंय. तो मजकूर लिहायला कोण बसलं असेल? खोटंच लिहायचं तर बहिणीचं लग्न होतं, जमिनीचा तंटा होता, रजेचा अर्ज होता. पण नाही, आईच. कारण ते खरं वाटणार. खलाशी दुसरं काय विचारणार, असं पलीकडच्यांनाही वाटणार, त्यांच्याही आया होत्याच की. गाझी ३ डिसेंबरच्या मध्यरात्री बुडाली, आत नव्वदच्या वर माणसं. त्यांच्या गावी कोण उभं होतं... नको, हे आज नको.

आजीचं एवढं का लागतंय मला? १९७१ मध्ये मी जन्मलेसुद्धा नव्हते. खरं सांगायचं तर आजी निमित्त आहे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी बाबा कोचीला होते आणि मी तेरा वर्षांची. तेव्हाही तार आली नव्हती. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही, आता बोलू असंही वाटत नाही. आणि गेले पाच दिवस धाकट्याचा मेसेज नाही. तो तर साधा मर्चंट नेव्हीत. ना युद्ध ना ब्लॅकआउट, बोटीवर वायफाय. माझ्या ‘जेवलास का’ला दोन निळ्या खुणा आल्या, की संपलं. घरातले तिन्ही पिढ्यांचे पुरुष पाण्यावर गेले की... म्हणजे आजोबा मासेमारीवर होते, त्यांना कोण पत्र मागणार, पण तरी.

काका निघाल्यावर मी बाबांना विचारलंच. ‘तुम्हाला काहीच वाटत नाही? त्या खोट्या खलाशाला आईची आठवण झाली. तुम्हाला नाही झाली?’

बाबांनी दातांची कवळी वाटीत ठेवली, विचार केला आणि बोळक्यानं म्हणाले, ‘माझी आय खय आजारी होती? कित्याक करू तार?’

यावर काय बोलणार. पंधरा वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस, काटा हलला तरच बघायचं.

मग मी आत्याला फोन लावला, दहा वाजता. आधी ती घाबरली, कोण गेलं म्हणून. मी म्हटलं, कोणी नाही, लढाईच्या वर्षी आजी आजारी होती का तेवढं सांग. आत्या म्हणाली, ‘आजारी खयची! पाय मुरगळलो होतो आयेचो. रोज पोस्टमनाक बघूक धावायची, मेरेवरून पडली.’ दोन आठवडे हळद-मिठाचा लेप लावून ओटीवर बसून होती, आणि तिथूनच पोस्टमनला हाका. मी विचारलं, बाबांना का नाही कळवलंत? ‘तीच नको म्हणाली. तो थय आगबोटीत बसान काय करतलो?’

म्हणजे तारेतलं अगदीच खोटं नव्हतं. ‘खूप आजारी’ नाही, पाय तेवढा. आणि इकडूनही बातमी दाबलेलीच. मला एवढं हसू आलं की बाबा झोपेत कूस बदलून ‘काय गो?’ म्हणाले. काही नाही, म्हटलं.

मग फोन हातात होताच. धाकट्याला लिहिलं, ‘पाय मुरगळलाय.’ एवढंच. पुढे काही नाही, जेवलास का नाही.

चाळीस सेकंदांत उत्तर. ‘कधी?? कुठला पाय?’

आता आली का पंचाईत. कृष्णनसाहेबांच्या तारेला कुणी उलट विचारलं नसावं. डावा, म्हणून ठोकून दिलं. तर म्हणतो उद्या वॉच संपला की व्हिडिओ कॉल करतो, सूज दाखव.

क्रेप बँडेज बाबांच्या कपाटात आहे बहुतेक, वरच्या खणात. ते उठायच्या आत काढायला हवं.