जांभ्याच्या भिंतीत दांडा बसवताना

‘उद्या येतंय बघा.’ १६ इंची ड्रिल बिटासाठी दुकानदाराचं हे वाक्य मी आठ दिवस ऐकलं. न्हाणीत आईला धरून उठायला एक दांडा, एवढंच काम. खानापूर तालुक्यातल्या जुन्या घरात ते तीनदा फसलं, ते भिंतीतल्या जांभ्यामुळं, म्हणजे तांबड्या दगडामुळं.

जांभा दिसतो दणकट, पण आतून भोकाभोकांचा. पहिल्यांदा मिस्त्रीनं प्लास्टिकचे प्लग आणि दोन इंची स्क्रू मारले. ‘काय होत नाही ओ, हत्ती लटकवा!’ प्लग नुसत्या गिलाव्यातच अडकले होते. हिसका दिला, गिलाव्यासकट बाहेर. मग फुगणारे लोखंडी फास्टनर. हे फुगून बाजूचा दगड दाबतात, वीट-काँक्रीटला ठीक. जांभा मात्र दाबला की भुसभुशीत होऊन भोकच मोठं होतं. त्यात ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत फिरेल असं ठेवून मारलेलं. जांभ्यात हॅमर बंद ठेवून हळू भोक पाडायचं, हे आम्हाला उशिरा कळलं. तिसऱ्यांदा चिकटणारा एपॉक्सी. भोकातली लाल धूळ फुंकून काढलीच नव्हती, तो धुळीलाच चिकटला.

अखेर उपाय जुनाच निघाला: भिंत आरपार. १० मिमीचा आट्यांचा रॉड, १२ मिमीचं भोक, बाहेरून ५ बाय ५ इंचाची ६ मिमी जाड पत्री प्लेट आणि नट. आता ओढ दगडावर नाही, प्लेटवर येते. बाजारच्या दांड्याच्या चकतीला भोकं बारीक असतात, म्हणून फॅब्रिकेटरकडून स्टीलचा सव्वा इंची पाईप दोन प्लेटांना वेल्ड करून घेतला, प्रत्येकीला दोन रॉड. पाईप आणि भिंतीत दीड इंच फट. जास्त ठेवली तर घसरताना कोपर आत अडकतं. अडलं ते एवढ्यावरच, की १५ इंची भिंतीत जाणारं बिट मिळेना. आधी बिट, मग मिस्त्री बोलवा. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या आणि प्लेटभोवती सिलिकॉन भरा, नाहीतर आमच्याकडचा पाऊस रॉडवरून सरळ न्हाणीत येतो.

उंची पुस्तकातून घेऊ नका. त्या माणसाला तिथंच स्टुलावर बसवा, हात सहज टेकेल तिथं खडूची खूण करा.

त्या आठ दिवसांत बाकीची कामं मात्र पटापट झाली. खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे, ३ इंचांनी उंच, वर पाय बसेल अशी इंचभर खोबण पाडून. खोबण नसेल तर ते सरकतात. खाट गुडघ्यामागच्या वळीपेक्षा किंचित उंच हवी, पण पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलंच पाहिजे. डब्याची झाकणं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून फिरवायची. चमच्याला एसीच्या पाईपचा काळा फोम चढवला की सुजलेल्या बोटांना पकड येते. बादली अर्धीच भरायची, दोन खेपा झाल्या तरी चालतील.

काठीचं राहिलंच. चप्पल घालून उभं राहायचं, हात खाली सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या वळीशी आली पाहिजे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. आई दोन महिने त्याच बाजूच्या हातात धरत होती, आणि कुणी काही बोललं नाही. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

साठी ओलांडलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरात काठी, वॉकर फुकट मिळतं. भिंतीतला दांडा मात्र आपला आपणच बसवायचा.

बसवल्यावर आधी आपण स्वतः पूर्ण भार टाकून लटकायचं, मगच आईला हात लावू द्यायचा. बाहेरचे नट पहिल्या महिन्यात दोनदा आवळावे लागले.