तुम्ही विचारलंत म्हणून: डबा कोणी ठरवायचा?

कोथरूडमधल्या एका प्राथमिक शाळेत मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. पालकसभा संपली की एक प्रश्न हमखास येतो : डब्यात काय द्यायचे हे आम्ही ठरवायचे, शाळेने ठरवायचे, की मुलाच्या मनासारखे होऊ द्यायचे? वर्गाच्या दारात उभ्याउभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

डब्यात काय भरायचे हा निर्णय आई-वडिलांचाच आहे, असे माझे ठाम मत आहे. सहा वर्षांच्या मुलाला रोज सकाळी "आज काय देऊ?" असे विचारले, तर ते आठवणीतल्या तीन-चार पदार्थांपैकीच एकाचे नाव घेणार, आणि त्यांत नूडल्स असणारच. घरात काय शिजते, किराण्याला किती पैसे उरतात, मूल दुपारी किती वाजता जेवणार, हे सगळे मोठ्यांना ठाऊक असते. मात्र समोर आलेल्यातले किती खायचे, हे मुलाच्या पोटालाच कळते. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी हीच विभागणी मांडली आहे : काय, केव्हा आणि कोठे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. मला ती पटते, कारण मोठ्या सुट्टीत मी मुलांबरोबर जेवायला बसते.

तेथे जे दिसते ते घरी दिसत नाही. पहाटे लाटलेली पोळी साडेदहापर्यंत वातड होते, आणि पुढचे दात पडलेल्या मुलाला ती धड चावता येत नाही. काही डब्यांची झाकणे इतकी घट्ट असतात, की ती उघडून घेण्यासाठी मुले माझ्यापुढे रांग लावतात आणि सुट्टीची पहिली काही मिनिटे त्यातच जातात. गवारीच्या शिरा नीट काढलेल्या नसल्या, की मूल तो घास बराच वेळ तोंडात घोळवते आणि शेवटी हळूच रुमालात काढून ठेवते. असा अर्धा डबा परत गेला, की घरी "नखरे करतो" असा निकाल लागतो. तीच पोळी दुधात भिजवलेल्या कणकेची असली आणि आत मटकीची कोरडी उसळ भरून तिची गुंडाळी केली, तर तेच मूल ती संपवून खेळायला पळते. डबा उरला म्हणून रागावण्याआधी तो का उरला, हे शांतपणे विचारून पाहावे. नवी भाजी मुलाच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. तोवर आवडत्या पदार्थाशेजारी ती चमचाभर ठेवावी आणि खाण्याची सक्ती करू नये.

शाळेचा अधिकार मी शाळेच्या दारापुरता मानते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त मीठ, साखर किंवा चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम विक्रीसाठी आहे आणि तो काटेकोरपणे पाळला गेलाच पाहिजे. घरच्या डब्याबाबत शाळेने सुचवावे, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सर्वांना कळवावे. पण बिस्किटे आणली म्हणून मुलाचा डबा वर्गासमोर उंच धरणे मला अजिबात मान्य नाही. आई पहाटे मार्केट यार्डात कामाला गेली असेल, तर त्या बिस्किटांची शिक्षा मुलाने का भोगावी? अंडे किंवा मासे आणू नका असे सांगणेही मला तितकेच गैर वाटते. राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, तेव्हा अंडे न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय ठेवली होती. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला गेला आणि त्याचे मला वाईट वाटले, कारण प्रत्येक घराची रीत सांभाळून पोषण देण्याचा तो सरळ मार्ग होता.

मुलाला निवड द्यायचीच असेल, तर ती आदल्या दिवशी, भाजी घेताना द्यावी. उद्या मेथी की दुधी, एवढे त्याला विचारावे, त्याचे उत्तर पाळावे, आणि सकाळी गाडी दारात उभी असताना तो विषय पुन्हा उघडू नये.