कपॅसिटर वाढवण्याआधी गेन बघा

डीएलएल म्हणजे डिले-लॉक्ड लूप, चिपच्या क्लॉकची वेळ जुळवून धरणारं सर्किट. त्याचा जिटर, म्हणजे क्लॉकची एज (वर-खाली जाण्याचा क्षण) मागे-पुढे थरथरणं, कमी करायचा तर चिपवर जास्त जागा द्यावी लागते आणि जागा वाचवायची तर जिटर सोसावा लागतो, हे वाक्य मी दरवर्षी नव्या मुलांच्या तोंडून ऐकते. मला ते पटत नाही. डिले लाइनचा (क्लॉकला उशीर लावणाऱ्या छोट्या सेलच्या साखळीचा) गेन, म्हणजे व्होल्टेज बदललं की डिले किती बदलतो तो आकडा, मोठा ठेवला, लाइन गरजेपेक्षा लांब ठेवली, की मग हा सौदा करावा लागतो. या दोन गोष्टी आधी आवरल्या तर जिटर आणि जागा, दोन्ही एकदमच उतरतात.

हे लिहायला निमित्त इथल्याच मुलांचं. शनिवारी संध्याकाळी सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची काही मुलं येतात. स्कायवॉटर या चिप कंपनीच्या 130 नॅनोमीटरच्या चिप बनवण्याच्या प्रक्रियेची डिझाइनची माहिती 2020 साली गूगलच्या साथीने सर्वांसाठी खुली झाली, तेव्हापासून घरच्या लॅपटॉपवर खरं लेआउट (चिपवरच्या थरांचा नकाशा) काढता येतं. एक्सस्कीममध्ये सर्किट, एनजीस्पाइसमध्ये सिम्युलेशन, मॅजिकमध्ये लेआउट, आणि एक पैसा लायसन्सला नाही. आमच्या गावातल्या मुलांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मला माहीत आहे, कारण माझ्या वेळी हे शिकायला घर सोडावं लागलं होतं. टायनी टेपआउट हा अनेकांची छोटी सर्किटं एकाच चिपवर बनवून देणारा उपक्रम; त्यात मिळणारी एक टाइल साधारण 160 बाय 100 मायक्रॉनची, म्हणजे 16,000 वर्ग मायक्रॉन. एवढ्यात मुलांना 100 मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा स्क्यू (वाटेत पडलेला वेळेचा फरक) काढणारा डीएलएल बसवायचा आहे.

रचना साधी. क्लॉक डिले लाइनमधून जातं. बाहेर आलेली एज आणि मूळ क्लॉकची एज फेज डिटेक्टर ताडून बघतो. मागे-पुढे असेल त्याप्रमाणे चार्ज पंप कपॅसिटरवर थोडा चार्ज टाकतो किंवा काढून घेतो. कपॅसिटरवरचं व्होल्टेज लाइनचा डिले ठरवतं. पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूप, स्वतःच्या ऑसिलेटरने क्लॉक बनवतो; त्या ऑसिलेटरमध्ये एका फेरीतली चूक पुढच्या फेरीत जाते आणि साचत राहते. इथे प्रत्येक एज नवीन, लाइनच्या शेवटी बाहेर पडली की तिची चूकही तिच्याबरोबर गेली. म्हणून डीएलएल मुळात शांत. एक मात्र आहे: आत येणाऱ्या क्लॉकचा जिटर तो गाळत नाही, जसाच्या तसा पुढे देतो. ते काम हवं असेल तर पीएलएलकडेच जावं.

मुलांच्या पहिल्या आराखड्यात एकच अॅनालॉग लाइन होती. सगळ्या कॉर्नरना (चिप वेगवान किंवा संथ निघण्याच्या टोकाच्या स्थितींना) लॉक व्हावा, म्हणजे एज जुळावी, म्हणून 1 व्होल्टमध्ये 5 ते 15 नॅनोसेकंद इतका डिले फिरत होता. म्हणजे गेन व्होल्टमागे 10 नॅनोसेकंद. चार्ज पंपचा करंट 10 मायक्रोअँपिअर, कपॅसिटर 50 पिकोफॅरड. गेन गुणिले करंट भागिले कपॅसिटर केलं की प्रत्येक क्लॉकमागे लूप किती चूक दुरुस्त करतो ते मिळतं. इथे पाचशेवा भाग. लूप इतका सावकाश चालावा ही अपेक्षा बरोबरच. पण या प्रक्रियेत धातूच्या थरांमधला मिम कपॅसिटर वर्ग मायक्रॉनमागे साधारण 2 फेम्टोफॅरड देतो. 50 पिकोफॅरडला 25,000 वर्ग मायक्रॉन लागतात. टाइलहून मोठा एकटा कपॅसिटरच!

"मॅडम, अजून एक टाइल घेऊया की," तासगावचा मुलगा म्हणाला. दुसरीने मॉसफेटच्या गेटचा कपॅसिटर सुचवला. तो चौपट दाट असतो, जागा 6,000 वर्ग मायक्रॉनवर येते. सूचना चांगली होती आणि 130 नॅनोमीटरला गेटची गळतीही भीती वाटावी इतकी नसते. तरी मी थांबवलं, कारण जिटर होता तिथेच राहत होता. शेजारच्या डिजिटल भागातून कंट्रोलच्या तारेवर 1 मिलिव्होल्टचा धक्का आला, तर व्होल्टमागे 10 नॅनोसेकंदाच्या गेनने त्याचे 10 पिकोसेकंद होतात.

लूपच्या गणितात कपॅसिटर आणि गेन कधी एकटे येत नाहीत, त्यांचं गुणोत्तर येतं. गेन वीसपट खाली आणला तर तेवढाच सावकाश लूप 2.5 पिकोफॅरडमध्ये मिळतो. तोच 1 मिलिव्होल्ट आता अर्धा पिकोसेकंद हलवतो.

गेन खाली आणायचा म्हणजे एकाच व्होल्टेजकडून दोन कामं करून घ्यायची नाहीत. आमच्या शेजारी मिरजेत, सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळवताना बघावं: खुंटी पिळून तार सुराजवळ आणतात, आणि मग घोडीखालचा मणी सरकवून सूर नेमका लावतात. खुंटीनेच नेमका सूर लावत बसलं तर हात जरा हलला तरी सूर उतरतो. डीएलएलमध्ये खुंटीचं काम डिजिटल पायऱ्यांना द्यावं आणि मण्याचं काम अॅनालॉग व्होल्टेजला. कल्पना नवी नाही; 1997 साली सिदिरोपूलोस आणि हॉरोविट्झ यांनी मांडलेल्या दुहेरी डीएलएलमध्येही आधी फेज (ठराविक उशिराने आलेली क्लॉकची प्रत) निवडायची आणि मग दोन फेजच्या मधली जागा भरायची, हाच विचार आहे.

आमच्या नव्या आराखड्यात 32 पायऱ्या आहेत, प्रत्येक साधारण 170 पिकोसेकंदांची, आणि वर 0.8 व्होल्टमध्ये 400 पिकोसेकंद फिरणारा बारीक भाग. हे आकडे फास्ट कॉर्नरचे, कारण लाइन अपुरी पडली तर तिथेच पडते. पायरी शोधायला पाच बिटांचा द्विमान शोध पुरतो: अर्ध्यावर बघा, मग उरलेल्याच्या अर्ध्यावर. 32 फ्लिपफ्लॉपचं (एकेक बिट धरणाऱ्या सर्किटांचं) शिफ्ट रजिस्टर ठेवायची गरज उरत नाही.

लहान कपॅसिटरवर उष्णतेचा गोंगाट जास्त असतो, ही मिरजेच्या मुलीची शंका अगदी रास्त होती. वर्गात शिकवलेलं सूत्र तिने तिथल्या तिथे वापरलं याचा मला फार आनंद झाला. हिशेब असा: खोलीच्या तापमानाला 50 पिकोफॅरडवर सुमारे 9 मायक्रोव्होल्ट, 2.5 पिकोफॅरडवर सुमारे 41. गोंगाट साडेचारपट वाढला. पण गेनने गुणलं की पहिल्याचा जिटर 0.09 पिकोसेकंद आणि दुसऱ्याचा 0.02. व्होल्टेज बिघडलं, वेळ सुधारली! आपल्याला वेळच हवी आहे. व्होल्टेजचा आलेख बघून निर्णय घेऊ नका, लाइनच्या शेवटी पिकोसेकंदात काय उरतं ते बघा, हे मी पुन्हा पुन्हा सांगते.

आता लांबी. गेन कितीही उतरवला तरी सप्लायचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, गोंगाट थेट सेलवर येतो, त्याला हा उपाय लागू पडत नाही. साध्या इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये सप्लाय एक टक्का हलला तर ढोबळमानाने डिलेही तेवढ्याच टक्क्याने हलतो. 10 नॅनोसेकंदांच्या, म्हणजे एका पूर्ण आवर्तनाच्या, लाइनला ते 100 पिकोसेकंद झाले. समतोल डिफरन्शिअल सेल (सिग्नल आणि त्याचा उलटा, दोन्ही एकत्र नेणारे) आणि रेप्लिका बायस (सेलच्या नमुना-प्रतीवरून बायस ठरवणं) हा त्यावरचा जुना, भक्कम उपाय आहे, मॅनिअॅटिस यांच्या 1996 च्या कामापासून सगळीकडे रुळलेला. पण त्याला जागा आणि करंट दोन्ही लागतात. त्याआधी एक स्वस्त गोष्ट करता येते. स्क्यूच काढायचा असेल तर क्लॉक उलटं करून घेतलं की अर्धं आवर्तन फुकट मिळतं. मग लाइनने फक्त उरलेलं अर्धं, 5 नॅनोसेकंद, भरायचं. सेल निम्मे, सप्लायमुळे हलणारी वेळही निम्मी. क्लॉकची ड्युटी, म्हणजे आवर्तनात तो वर असण्याचा हिस्सा, नेमकी 50 टक्के कधीच नसते, म्हणून लाइन थोडी जास्त ठेवायची. 32 गुणिले 170 म्हणजे 5.44 नॅनोसेकंद ते त्यासाठीच. सारख्या अंतरावरचे फेज हवे असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे पूर्ण आवर्तनाची लाइन लागते.

राहिला सध्याचा वाद. चिप तापते, डिले सरकतो. 5 नॅनोसेकंदांत 5 टक्के सरकला तर 250 पिकोसेकंद झाले. एका पायरीचे 170 त्यात मिळवले की 420, आणि बारीक भागाकडे आहेत 400. म्हणजे एखाद्या वाईट दिवशी लॉक असताना पायरी बदलावी लागेल आणि आउटपुटवर 170 पिकोसेकंदांची उडी दिसेल. सगळ्या मेहनतीवर पाणी. मुलांचं म्हणणं, बारीक भाग 600 पिकोसेकंदांचा करू, गेन व्होल्टमागे 0.75 नॅनोसेकंदांवर जाईल, कपॅसिटर 3.75 पिकोफॅरड, जागा तर आहे. काम होईल, नाही असं नाही. पण मी सहाव्या बिटाच्या बाजूची आहे. 64 पायऱ्या, प्रत्येक 85 पिकोसेकंदांची. 85 आणि 250 मिळून 335, म्हणजे 400 मध्ये आरामात बसतं आणि गेन व्होल्टमागे अर्धा नॅनोसेकंदच राहतो. लाइनची एकूण लांबी तीच, फक्त टॅप (लाइनमधून क्लॉक बाहेर काढायच्या जागा) दुप्पट आणि त्यांतला एक निवडणारा मक्स थोडा मोठा. त्या मक्सचा स्वतःचा डिले लेआउटनंतर किती निघतो, तारांचा कपॅसिटन्स धरून, यावर निकाल लागेल. येत्या शनिवारी दोन्ही लेआउट एक्स्ट्रॅक्ट करून समोरासमोर ठेवायची असं ठरलं आहे.